‘प्रोग्रेस’ आणि ‘प्रगती’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. माझ्या थोरल्या बहिणीवर कर्करोगाचे उपचार चालू होते आणि औषधांची तिसरी फेरी संपल्यावर काढलेल्या सीटी स्कॅनचा अहवाल घेऊन आम्ही दोघी संध्याकाळी घरी आलो. अहवाल इंग्रजीत होता. त्याच्या शेवटी ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ हे दोन शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते. रुग्णालयाने आधीच दिलेले चार पानी मराठी माहितीपत्रक घरात होते आणि त्यात ‘आजाराची प्रगती झाल्यास औषधे बदलण्यात येतील’ असे एक वाक्य होते. ताईने दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवत वाचले आणि म्हणाली, “प्रगती आहे म्हणतायत गं. आता औषधं बदलतील, म्हणजे हलकी देतील.” मग उठून तिने देवापुढे साखर ठेवली. मी तोवर अहवालातले आकडे पाहिले होते. आधी जी गाठ १४ मिलिमीटरची होती, ती आता २३ मिलिमीटरची झाली होती. ती साखर माझ्या हातावर आली तेव्हा मला काही बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच तिला समजावून सांगितले. उपचार बदलले, आणि आज ती घरात हिंडते-फिरते आहे, म्हणूनच हे पत्र मी लिहू शकते आहे. पण ‘प्रगती’ या एका शब्दावर विसंबून तिने काढलेली ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही.

चूक ताईची नव्हती. मराठी माणसाने ‘प्रगती’ वाचले की त्याने जे समजायला हवे तेच ती समजली. चूक त्या वाक्याची होती, आणि ते वाक्य ज्याने लिहिले त्याने इंग्रजी ‘प्रोग्रेस’ला मराठी ‘प्रगती’ जोडताना दोन्ही शब्दांकडे नीट पाहिले नव्हते. सरकारी पाट्या, कार्यालयीन पत्रे, संगणकावरचे यांत्रिक भाषांतर आणि कधी कधी वृत्तपत्रांचे रकाने यांतून ही जोडी आता इतकी पक्की झाली आहे की, ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून या इंग्रजी शब्दाचा अर्थ, त्याचा प्रवास आणि मराठीतली त्याची सोय यांबद्दल थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी वैद्यकातला अर्थ. गाठींच्या स्वरूपातल्या कर्करोगावर उपचार लागू पडतात की नाही हे मोजण्यासाठी डॉक्टर ठरावीक निकष वापरतात आणि त्यानुसार अहवालात चारांपैकी एक शेरा येतो. गाठी पूर्ण नाहीशा झाल्या तर पूर्ण प्रतिसाद. मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद. ती बेरीज आतापर्यंतच्या सर्वांत कमी नोंदीपेक्षा किमान २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’. आणि या कशातच न बसणारा तो स्थिर आजार. म्हणजे चारांतला सर्वांत वाईट शेरा जो, त्याच्याच नावात ‘प्रोग्रेस’ आहे. इंग्रजी कानाला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण पुढे सरकणे एवढेच त्या शब्दाने तिथे सांगायचे असते. पुढे काय सरकते आहे, रोगी की रोग, हे वाक्यावरून कळते.

हा शब्द मुळात लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘ग्रादी’ म्हणजे पावले टाकणे, चालणे. त्यांपासून ‘प्रोग्रेसुस’, म्हणजे पुढे चालून जाणे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस तो इंग्रजीत रुळू लागला तेव्हा त्यात चांगल्या-वाइटाचा काही निवाडा नव्हता. लॅटिन ‘प्रो’ आणि आपल्या संस्कृतचा ‘प्र’ हे उपसर्ग एकाच प्राचीन मुळाचे आहेत, त्यामुळे ‘प्रोग्रेस’ आणि ‘प्रगती’ हे शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. पण त्यांचे नाते त्या उपसर्गापुरतेच आहे. ‘प्रगती’तला धातू ‘गम्’, जो इंग्रजीत ‘कम’ या साध्या क्रियापदाचा नातेवाईक आहे. ‘प्रोग्रेस’मधला धातू पाऊल टाकण्याचा आहे, आणि अर्थाने त्याच्या जवळ जाणारा आपला धातू आहे ‘क्रम्’.

हे जुळवून पाहिले की मोठा आनंद होतो, म्हणून थोडी रेंगाळते. ‘ग्रादी’वरून इंग्रजीत जे शब्द आले, त्यांतल्या कितीतरी शब्दांसाठी आपण नकळत ‘क्रम्’चेच शब्द वापरतो. कोणाच्या तरी दिशेने पाऊल उचलणे ते ‘अ‍ॅग्रेशन’, आपले आक्रमण. हद्दीपलीकडे पाऊल टाकणे ते ‘ट्रान्सग्रेशन’, आपले अतिक्रमण. बाहेर पाऊल टाकणे ते ‘ईग्रेस’, आपले निष्क्रमण. मागे पाऊल घेणे ते ‘रिग्रेशन’, आणि जैन बांधवांच्या आचारातले प्रतिक्रमण याच अर्थाने घडलेले आहे: चुकीच्या वाटेवरून पाऊल मागे घेणे. एकत्र चालत येणे ती ‘काँग्रेस’, आणि १८८५ साली मुंबईत तिचे पहिले अधिवेशन भरल्यापासून तो शब्द तर आपल्या घरचाच झाला. पायरी ती ‘ग्रेड’, पायरी पायरीने ते ‘ग्रॅज्युअल’, आणि पदवीच्या पायरीवर चढलेला तो ‘ग्रॅज्युएट’. या सगळ्या गोतावळ्यात पाऊल आहे, पण ते बऱ्या जागी पडेल अशी हमी कोठेच नाही.

इंग्रजीतल्या जुन्या वापरांतही ती हमी सापडत नाही. सोळाव्या शतकात ‘प्रोग्रेस’ म्हणजे राजाची स्वारी. पहिली एलिझाबेथ राणी १५५८ ते १६०३ या आपल्या कारकिर्दीत उन्हाळा आला की सगळा दरबार, नोकरचाकर आणि शेकडो गाड्यांचे सामान घेऊन लंडनबाहेर पडे, सरदारांच्या वाड्यांतून मुक्काम करत हिंडे, आणि या फिरतीला ‘प्रोग्रेस’ म्हणत. आपल्या जुन्या कागदांतली ‘स्वारी दरकूच दरमजल’ निघते, तिच्यात आणि यात फरक नाही. ज्या सरदाराच्या दारी हा लवाजमा उतरे, त्याच्या तिजोरीला मात्र तो फार भारी पडे. १६७८ साली जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या प्रसिद्ध धार्मिक रूपककथेच्या नावात हाच शब्द आला, तोही प्रवास या अर्थाने. त्या पुस्तकाचे मराठी भाषांतर १८४१ साली निघाले आणि त्याचे नाव ‘यात्रिकक्रमण’ असे ठेवले गेले. मला या नावाचे फार अप्रूप वाटते. ‘यात्रिकाची प्रगती’ असे लिहून मोकळे होता आले असते, पण त्या भाषांतरात ‘प्रोग्रेस’च्या आतले पाऊल ओळखून ‘क्रमण’ हा शब्द ठेवला गेला.

याहून बोलका पुरावा चित्रकलेतला आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७३०च्या दशकात एका उधळ्या तरुणाची गोष्ट आठ चित्रांत रंगवली आणि १७३५ साली तिचे छाप विक्रीस काढले. कंजूष बापाची इस्टेट हाती येते, मग ऐषाराम, रंगेल रात्री, पैशासाठी केलेले लग्न, जुगाराचा अड्डा, कर्जदारांचा तुरुंग, आणि आठव्या चित्रात बेड्या ठोकलेल्या अवस्थेत तो वेड्यांच्या इस्पितळात जमिनीवर पडलेला आहे. या मालिकेचे नाव ‘अ रेक्स प्रोग्रेस’. मराठीत ‘उधळ्याची प्रगती’ म्हटले तर ते कुत्सित वाटेल. आपण त्याला अधोगतीच म्हणू, किंवा फार तर ‘उधळ्याची वाटचाल’ म्हणू. इंग्रजांना मात्र त्या शब्दात पायरीपायरीने पुढे जाणे दिसत होते, मग ती पायरी उतरणीची का असेना.

तो शब्द गौरवाचा कसा झाला, हेही सांगायला हवे. सुस्थितीकडे जाणे हा अर्थ १६००च्या आसपास डोकावू लागला होता, पण त्याला खरी प्रतिष्ठा दिली ती अठराव्या शतकातल्या विचारवंतांनी. मानवजात अज्ञानाकडून ज्ञानाकडे सतत चालली आहे, हे तुर्गो या फ्रेंच विचारवंताने १७५० साली पॅरिसच्या सोर्बोनमधल्या व्याख्यानात मांडले. कोंदोर्से या दुसऱ्या फ्रेंच विचारवंताने तर फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाकुळात, स्वतःच्या अटकेचा हुकूम निघालेला असताना, लपून राहिलेल्या घरात बसून मानवी बुद्धीच्या या वाटचालीचा आराखडा लिहिला. १७९४ साली तो कैदेत मेला आणि पुढच्या वर्षी पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथून पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी, तारायंत्र आणि गिरण्या यांच्या सोबतीने ‘प्रोग्रेस’ हे जवळजवळ श्रद्धास्थान झाले. तरीही जुना अर्थ इंग्रजीतून गेला नाही. दोन्ही अर्थ तिथे एकाच घरात नांदतात.

आपल्याकडे याच काळात जो शब्द पुढे आला तो ‘सुधारणा’. लोकहितवादींच्या पत्रांपासून आगरकरांच्या १८८८ सालच्या ‘सुधारक’ पत्रापर्यंत तोच ध्वज होता. माझ्या मते तो ‘प्रगती’पेक्षा प्रामाणिक शब्द आहे, कारण सुधारायचे म्हणजे काहीतरी बिघडलेले आहे आणि ते कोणाला तरी हात घालून नीट करावे लागणार आहे, हे त्यात कबूल केलेले असते. प्रगती आपली आपण होते, निदान तिच्या नावावरून तसे वाटते. ‘प्रोग्रेसिव्ह’ला आपण ‘पुरोगामी’ म्हणालो, तोही उत्तम शब्द आहे. १९३६ साली लखनौला ज्या लेखक संघाचे अधिवेशन प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरले, त्याच्या नावातल्या ‘प्रोग्रेसिव्ह’ला हिंदीने ‘प्रगतिशील’ केले, उर्दूने ‘तरक्कीपसंद’ केले, आणि मराठीत ‘पुरोगामी’ हा शब्द रूढ झाला. पुढे चालणारा माणूस त्यात स्पष्ट दिसतो.

‘प्रगती’ या मराठी शब्दाचे तसे नाही. तो सुरुवातीपासून शाबासकीचा शब्द आहे. मुलाची प्रगती, गावाची प्रगती, देशाची प्रगती. चोराची प्रगती किंवा दुष्काळाची प्रगती असे आपण म्हणत नाही. म्हटले तर ती थट्टा होते, आणि थट्टा होते याचाच अर्थ शब्दात चांगुलपणा मुरलेला आहे. शाळेच्या ‘प्रगतिपुस्तका’ची आठवण येथे होते. तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि दर सहामाहीला शेकडो प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या. जाड पुठ्ठ्याचे ते घडीचे पुस्तक, आत विषयांचे रकाने, नापास विषयाखाली लाल रेघ आणि तळाशी ‘पालकांची स्वाक्षरी’. इंग्रजीतल्या ‘प्रोग्रेस रिपोर्ट’ला हे नाव कोणी दिले असेल त्याचे मन मोठे होते, कारण चार विषयांत लाल रेघा घेऊन घरी जाणाऱ्या मुलाच्या दप्तरातही प्रगतीचेच पुस्तक असे. तेथे तो शब्द शोभतो, कारण मूल पुढेच जावे ही शाळेची इच्छा त्याच्यात आहे. रोगाबद्दल कोणाची तशी इच्छा असते?

गणितातच याचे फार चांगले उदाहरण आहे. इंग्रजीत ज्याला ‘अरिथमेटिक प्रोग्रेशन’ म्हणतात त्याला आपल्या दहावीच्या पुस्तकात ‘अंकगणिती श्रेढी’ म्हणतात. ५, ८, ११, १४ ही जशी श्रेढी, तशी २०, १७, १४, ११ हीसुद्धा श्रेढीच. प्रत्येक पदागणिक तीनने घटणारी. इंग्रजी शब्दाला चढ काय आणि उतार काय, दोन्ही सारखे. मराठी पुस्तकात जर ‘अंकगणिती प्रगती’ असे छापले असते, तर घटत्या संख्यांना प्रगती का म्हणायचे हा प्रश्न पहिल्याच तासाला मुलांनी विचारला असता. पण परिभाषा ठरवणाऱ्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीतला ‘श्रेढी’ हा शब्द उचलला आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. त्यांनी इंग्रजी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला नाही. मूळ वस्तू पाहिली आणि तिच्यासाठी आपल्याकडे काय आहे ते शोधले.

ही दृष्टी हल्ली सुटत चालली आहे. रस्त्यावर खोदकाम चालू असते तेथे पूर्वी ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी असे. आता त्याच जागी ‘कार्य प्रगतिपथावर आहे’ असे लिहिलेले दिसते. इंग्रजी ‘वर्क इन प्रोग्रेस’चा अर्थ काम चालू आहे, संपलेले नाही, एवढाच आहे. ते जोरात चालू आहे की चार महिन्यांत एक खडीचा ढीग हलला आहे, याबद्दल इंग्रजी पाटी काहीच म्हणत नाही. मराठी पाटी मात्र ते छान चालल्याचे प्रशस्तिपत्र देऊन टाकते. कररचनेतही तेच. उत्पन्न वाढेल तसा दर चढत जाणारा कर म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्स’. त्याला ‘प्रगतिशील कर’ म्हटले की तो चांगला की वाईट हा वादाचा प्रश्न नावातच निकालात निघतो. ‘चढत्या दराचा कर’ म्हटले तर साऱ्यांना समजते आणि वादही मोकळा राहतो. चष्म्याच्या दुकानात मिळणाऱ्या ‘प्रोग्रेसिव्ह’ काचेला कोणी ‘प्रगतिशील काच’ म्हणत नाही हे आपले भाग्य. तिच्यात वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, आणि दुकानदार तेच शब्द वापरून गिऱ्हाइकाला समजावतो.

आपल्या दैनिकाला श्रेयही द्यायला हवे. हवामान खाते मान्सून देशात कोठवर पोचला ते सांगते, त्या बातमीत आपण ‘मान्सूनची वाटचाल’, ‘मान्सूनची आगेकूच’, ‘मान्सून कोकणात रेंगाळला’ असे लिहिता. १ जूनच्या सुमारास केरळात उतरलेला पाऊस ११ जूनच्या आसपास मुंबई गाठतो आणि ८ जुलैपर्यंत सगळा देश व्यापतो, हा त्याचा नेहमीचा क्रम. ‘वाटचाल’ या शब्दात तो पायी चालत आल्यासारखा दिसतो. हे शब्द ज्या संपादकीय विभागाला सुचतात, त्याच विभागातून ‘तपासात प्रगती नाही’, ‘वाटाघाटींत प्रगती’, ‘साथीच्या प्रगतीवर लक्ष’ हे का यावे? तपास पुढे सरकत नाही, वाटाघाटी मार्गी लागतात, साथ फैलावते. तिसऱ्या मथळ्याने तर साथीला शाबासकी दिली आहे.

आणि आजाराबद्दल बोलायचे तर मराठीइतकी तयारी क्वचितच कोणत्या भाषेची असेल. दुखणे बळावते, वाढते, विकोपाला जाते, हाताबाहेर जाते. जखम चिघळते. दबलेला आजार पुन्हा उचल खातो. विकार अंगात पसरतो, मुरतो, जुना होतो. उलट बाजूने आजाराला उतार पडतो, ताप उतरतो, औषधाचा गुण येतो, रोग्याला आराम पडतो, तो हुशारतो. यातले ‘उतार पडणे’ पाहावे. इतर ठिकाणी चढ चांगला आणि उतार वाईट. आजाराच्या बाबतीत मात्र आपल्या बोलीने ते उलटे केले, कारण तेथे कोण चढतो आहे याचे भान तिने कधी सोडले नाही. खेड्यातली कोणतीही म्हातारी ‘दुखणं बळावलंय’ एवढ्या दोन शब्दांत जे सांगते, ते त्या चार पानी माहितीपत्रकाला सांगता आले नाही. ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण स्नायूंच्या, मज्जातंतूंच्या, डोळ्यांच्या अनेक विकारांच्या नावांना जोडलेले असते. तेथे ‘वाढत जाणारा’ हे दोन शब्द पुरतात. ज्याच्या मुलाला स्नायूंचा असा विकार आहे त्या बापाला ‘प्रगतिशील’ हे विशेषण वाचायला लागू नये.

यासाठी माझी मागणी मोठी नाही. रुग्णालयांनी रुग्णांच्या हाती द्यायची मराठी माहितीपत्रके आणि संमतीपत्रे छापण्यापूर्वी, इंग्रजी न येणाऱ्या दोन-चार रुग्णांना वाचायला द्यावीत आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. यंत्राने केलेले भाषांतर माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय रुग्णापर्यंत जाऊ नये. अहवाल इंग्रजीत असेल, तर हाती देणाऱ्याने शेवटच्या ओळीचा अर्थ तेथेच मराठीत सांगावा. त्याला दोन मिनिटे लागतात. शासनाच्या परिभाषा कोशांचे काम करणाऱ्यांनी ‘प्रोग्रेस’पुढे एकच प्रतिशब्द न देता क्षेत्रानुसार वेगळे शब्द द्यावेत. आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ‘प्रगती’ लिहिण्याआधी क्षणभर थांबून पुढे काय चालले आहे ते पाहावे, कारण लोकांची भाषा अजूनही बऱ्याच अंशी तुमच्या रकान्यांतून घडते.

त्या माहितीपत्रकाची प्रत मी जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात ताईच्या तपासणीसाठी गेलो, तेव्हा तिसऱ्या पानावरच्या वाक्यातले ‘आजाराची प्रगती झाल्यास’ हे शब्द खोडून त्यांच्या वर पेनाने ‘आजार बळावल्यास’ असे लिहिले आणि ते पत्रक तेथील परिचारिकेच्या हाती दिले. तिने वाचले, वर पाहिले आणि म्हणाली, “काकू, आम्हाला तर पेशंटला रोज हे तोंडानं सांगावं लागतं. मी वर देते.” पुढच्या तपासणीची तारीख अजून तीन आठवड्यांवर आहे. नवीन पत्रक छापले गेले असेल तर ते मी तेव्हा पाहीन.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सातारा